ओरखड्याचा धनी कोण?

शहरातल्या कुठल्याही मध्यमवर्गीय वसाहतीत पहाटे पाचच्या सुमारास एक ठरलेले दृश्य दिसते. हातात बादली, खांद्यावर पिवळे फडके घेतलेला एक माणूस एकेका गाडीभोवती प्रदक्षिणा घालत असतो. टप, बॉनेट, दोन बाजू, मागची डिकी, काचा. साहेब खाली उतरण्याच्या आत गाडी लखलखीत झाली पाहिजे. या दृश्यात आपल्याला काहीच वावगे वाटत नाही. उलट, ज्याची गाडी रोज पुसली जाते तो ती जपणारा आणि ज्याच्या गाडीवर धूळ बसते तो गबाळा, अशी आपली सरळ वाटणी असते.

पण हीच रोज पुसली जाणारी गाडी भर उन्हात उभी करून पाहावी. काळी, गडद निळी किंवा मरून असेल तर फारच उत्तम. सूर्याचे प्रतिबिंब जिथे पडते त्याभोवती कोळ्याने जाळे विणावे तशा शेकडो बारीक गोल रेघा दिसू लागतात. आता आठ-पंधरा दिवसांनी एकदाच, पण भरपूर पाण्याने धुतली जाणारी एखादी गाडी शेजारी आणावी. तिच्या अंगावर हे जाळे बहुधा विरळ असते. रोजच्या निगेने गाडी खराब होते आणि थोड्या हेळसांडीने टिकते, असा हा उलटा न्याय आहे. तो समजून न घेता आपण दोन गोष्टी करतो. एक, हजारो रुपये मोजून ते ओरखडे काढून घेतो. दोन, ते पाडल्याचा ठपका त्या बादलीवाल्या माणसावर ठेवतो. दोन्ही गोष्टी चूक आहेत, असे माझे म्हणणे आहे.

आधी हे ओरखडे म्हणजे काय ते पाहू. बाजारात त्यांना ‘स्वर्ल मार्क’ म्हणतात आणि गोल गोल पुसल्यामुळे ते पडतात, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. घरातले जुने स्टीलचे ताट घ्या. वर्षानुवर्षे घासणीने ते आडवे, उभे, तिरपे, वाटेल तसे घासले गेलेले असते. तरी दिव्याखाली धरले की रेघा दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती गोलाकारच दिसतात. ताट हलवले की ते वर्तुळही सरकते. ओरखडे सगळ्या दिशांना असतात, पण प्रकाश आपल्या डोळ्यांकडे फेकण्याजोगे वळण त्यांतल्या काहींचेच असते आणि तेवढ्यांचे मिळून वर्तुळ भासते. तेव्हा ‘गोल पुसू नकोस, सरळ पूस’ एवढ्या सूचनेने प्रश्न सुटत नाही. सरळ पुसले तर सरळ ओरखडे पडतील, इतकेच.

मग ते पडतात कशाने? फडक्याने नव्हे, फडक्याखालच्या धुळीने. आपल्याकडच्या धुळीत काय नसते? बांधकामांची वाळू असते, रस्त्याच्या खडीची भुकटी असते. वाळूतली गारगोटी म्हणजे क्वार्ट्‌झ. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोह्‌सच्या मापावर तिचा क्रमांक सातवा. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातली खनिजेही पाच-सहाच्या घरात. गाडीवरचा रंग या सगळ्यांपुढे मऊच. कोरड्या किंवा नुसत्या ओलसर फडक्याने गाडी पुसणे म्हणजे ही भुकटी दाबून रंगावर फिरवणे. फडके कितीही मऊ असो, पॉलिश पेपरचा कागदही मऊच असतो. काम करते ती त्यावरची वाळू. धुळकट गाडीवर घातलेले आच्छादन वाऱ्याने फडफडले तरी हेच होते. पाण्याचे खरे काम ओले करण्याचे नसून धूळ उचलून वाहून नेण्याचे आहे. ते पाणी पुरेसे नसेल तर पुसणे आणि घासणे यांत फरक राहत नाही.

हे सारे ज्या थरावर चालते तो किती जाड असतो, याची कल्पना बहुतेकांना नसते. आजच्या गाडीच्या पत्र्यावर आधी गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. चारही मिळून जाडी भरते साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन, म्हणजे टंकलेखनाच्या एखाद-दुसऱ्या कागदाइतकी. त्यातला क्लिअर कोट बहुधा चाळीस-पन्नास मायक्रॉन, अर्ध्या कागदाएवढा. गाडीची चकाकी या अर्ध्या कागदात आहे. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करणारी द्रव्येही याच थरात मिसळलेली असतात.

पूर्वी असे नव्हते. १९२३ साली अमेरिकेत आलेल्या ‘ड्युको’ या नायट्रोसेल्युलोजच्या रंगाचे नाव आपल्या गॅरेजांतून अजून ऐकू येते. अँबॅसिडर आणि पद्मिनीच्या काळातल्या साध्या रंगांवर वेगळा पारदर्शक थर नसे. ऊन खाऊन रंग मंद पडे, पांढुरका होई. मग गॅरेजवाला रबिंग करून द्यायचा. वरची मेलेली पापुद्री निघून जायची, फडक्याला गाडीचा रंग लागायचा आणि खालून ताजा रंग वर यायचा. त्या रंगाला ते औषध लागू होते. अँबॅसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. गाड्या गेल्या, रंग बदलला, पण ‘वर्षातून एकदा रबिंग-पॉलिश मारून घ्यावे’ ही त्या काळची शिकवण मात्र तशीच राहिली. आजच्या अर्ध्या कागदावर ती चालवणे म्हणजे आजोबांचे औषध नातवाला पाजणे.

ओरखडा ‘काढतात’ म्हणजे काय करतात, हे एकदा नीट समजले की बाकीचे आपोआप उलगडते. ओरखडा ही पोकळी आहे आणि पोकळी काढून टाकता येत नाही. तिच्या भोवतालची जमीन घासून तिच्या तळापर्यंत खाली आणता येते, एवढेच. पॉलिशमध्ये अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडसारखी अतिबारीक खर असते. ती स्पंजाच्या चकतीला लावून मशिनने फिरवतात. आधी जाड खर, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी उरतात ते ओरखडे इतके सूक्ष्म असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. हलक्या पॉलिशमध्ये एखाद-दोन मायक्रॉन जातात, जोरकस रबिंगमध्ये त्याच्या कित्येक पट. घरातल्या विळीला धार लावून लावून तिचे पाते कसे बारीक होत जाते, ते आठवावे. प्रत्येक वेळी धार नवी मिळते आणि पाते थोडे कमी होते. विळीचे पाते निदान डोळ्यांना दिसते. क्लिअर कोट किती उरला हे दिसत नाही. गॅरेजमधले जाडी मोजण्याचे नेहमीचे यंत्रही पत्र्यावरच्या सगळ्या थरांची मिळून जाडी सांगते, एकट्या क्लिअर कोटची नाही. तो संपत आला हे कळते तेव्हा टपावर आणि बॉनेटवर पांढरे चट्टे पडून साल सुटू लागलेली असते. त्यावर मग कुठलेही पॉलिश चालत नाही. पुन्हा रंगच मारावा लागतो.

हे काम वाईट आहे, असे मी म्हणत नाही. जाणत्या हाताने, सावलीत, आधी एक वीतभर जागेवर करून पाहून, कमीत कमी खरीने सुरुवात करून केलेले पॉलिश हे खरे कसब आहे आणि गाडीच्या आयुष्यात ते दोन-तीनदा करून घ्यायला हरकत नाही. अडाणी हाताचे मात्र भय बाळगावे. वेगाने फिरणारे मशिन एका जागी जरा जास्त टेकले तर रंग तापून जळतो. कडा आणि घड्या यांवर थर आधीच पातळ, तिथे तो क्षणात उडतो. नाहीच उडाला तर मशिनच्या फेऱ्यांचे सावट उन्हात इंद्रधनुष्यासारखे दिसत राहते. म्हणजे एक जाळे काढून दुसरे विणले. आणखी एक हातचलाखी असते. काही पॉलिशांत तेल आणि मेण इतके असते की ओरखडे निघत नाहीत, नुसते बुजतात. गाडी ताब्यात घेताना दृष्ट लागावी अशी दिसते आणि चार धुण्यांत जुने रूप परत येते. पॉलिश झाल्यावर पैसे देण्यापूर्वी आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून एका कोपऱ्यावर हलके पुसायला सांगावे. बुजवलेले असेल तर तिथेच उघडे पडते. आणि ज्या ओरखड्यात नख अडकते तो पॉलिशने निघत नाही, हे कोणी काहीही सांगितले तरी लक्षात ठेवावे.

बाजाराला अर्थातच एवढ्यावर थांबायचे नसते. नवी गाडी घेताना कोटिंगची पत्रके पुढे सरकवली जातात. आधी ‘टेफ्लॉन’ होते. तव्यावरचे टेफ्लॉन पक्के बसण्यासाठी ३०० अंशांहून अधिक उष्णतेत भाजावे लागते. गाडी काही कोणी इतकी भाजत नाही. आता ‘सिरॅमिक’ आहे आणि त्यापुढे ‘नऊ एच’ हा मंत्र. ऐकणाऱ्याला वाटते, दहा म्हणजे हिरा, तर नऊ म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल. हे नऊ एच पेन्सिलीचे आहे. शाळेच्या कंपासपेटीत असते त्या एचबीच्या कुळातली सर्वांत कडक पेन्सिल ओढून ओरखडा उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ग्राफाइट आणि मातीची ती पेन्सिल. तिला हरवणाऱ्या थराने गारगोटीलाही हरवले, असे होत नाही. सिरॅमिकने पाणी सुरेख ओघळते, चिखल चटकन निघतो, पक्ष्यांची विष्ठा वेळेवर पुसता येते, हे गुण खरे. पण तो थर एखाद-दोन मायक्रॉनचा. कोरड्या फडक्यापुढे तोही टिकत नाही. ओरखड्यांपासून खरोखर वाचवते ती पॉलियुरेथेनची जाड पारदर्शक फिल्म. मात्र ती गाडीच्या सगळ्या रंगाहून जाड असते आणि पूर्ण गाडीला लावायची तर छोट्या गाडीच्या किमतीचा मोठा लचका तोडते.

आता त्या बादलीवाल्याकडे येऊ. आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी एका सदस्याने नवी काळी गाडी घेतली. सहा महिन्यांत तिच्यावर जाळे दिसू लागले. एका दुकानदाराने पॉलिश आणि कोटिंगचे बारा हजार सांगितले. सदस्यांनी समितीकडे लेखी तक्रार केली आणि गाड्या पुसणाऱ्या मुलाच्या पगारातून नुकसानभरपाई कापावी, असा ठराव आला. मी विरोधात बोललो. ठराव बहुमताने मंजूर झाला. दोन महिन्यांचे पैसे हप्त्याने कापायचे ठरले.

या ठरावाचा हिशेब मी मांडून पाहिला. हा मुलगा परभणीकडचा. पहाटे पाच ते साडेसात या वेळात तो चोवीस गाड्या पुसतो. म्हणजे एका गाडीला सहा मिनिटे. सहाला नळ येतो, तोपर्यंत जवळ एक बादली, पंधरा लिटरची. चोवीस गाड्यांना वाटली तर गाडीमागे अर्ध्या लिटरहून थोडे जास्त पाणी. तेच फडके, तीच बादली. पहिल्या गाडीची वाळू दुसऱ्या गाडीला, दुसरीची तिसरीला. एका गाडीचे महिन्याला पाचशे रुपये, म्हणजे सव्वीस दिवसांचे दिवसाला वीससुद्धा नाहीत. दुकानदाराने सांगितलेले बारा हजार म्हणजे त्या गाडीच्या पुसण्याची पुरती दोन वर्षांची मजुरी. वीस रुपयांत, सहा मिनिटांत, अर्ध्या लिटर पाण्यात ओरखडा न पाडता गाडी साफ करून दाखवील असा कारागीर जगात कुठे असेल तर त्याला समितीने खुशाल बोलवावे.

मी त्या मुलाला विचारले, “रोज कोरडी पुसण्यापेक्षा आठवड्यातून दोनदाच नीट धूत जा की.” तो म्हणाला, “काका, मला पण कळतंय. पण रोज पुसू नको म्हणणारे तुम्ही पहिलेच. बाकीचे म्हणतात, सकाळी गाडीवर धूळ दिसली तर त्या दिवसाचा खाडा धरू.”

या एका वाक्यात सगळा रोग आहे. आपण त्याला गाडी साफ करण्याचे पैसे देतच नाही. हजेरीचे पैसे देतो. तो आला होता याचा पुरावा म्हणून धूळ नाहीशी झालेली आपल्याला हवी असते आणि ती नाहीशी करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे फडके. ओरखडे हे त्या हजेरीपटावरच्या सह्या आहेत. रोज सही कर, असे आपणच सांगायचे आणि वहीची पाने भरली म्हणून त्याच्यावरच दंड बसवायचा, हा कुठला न्याय?

यावर पाण्याचा आक्षेप येणार आणि तो खरा आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले, ते हेच राज्य. बंगळुरात मार्च २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यावर पाच हजार रुपयांचा दंड लावावा लागला. पाइप सोडून तासभर गाडीला अंघोळ घालणाऱ्याची बाजू मला घ्यायची नाही. पण नीट धुण्याला पाइप लागतच नाही. दोन बादल्या पुरतात. एकीत साबणाचे पाणी, दुसरीत साधे. आधी मगने वरून पाणी ओतून सैल धूळ वाहू द्यायची. मग मऊ हातमोजा किंवा मायक्रोफायबरचे कापड साबणाच्या पाण्यात बुडवून वरून खाली, न दाबता फिरवायचे. प्रत्येक भागानंतर ते साध्या पाण्यात खंगाळायचे, मगच पुन्हा साबणात. चाके आणि खालची चिखलाची बाजू शेवटी, वेगळ्या कापडाने. उन्हात धुवायचे नाही, पाणी अंगावर वाळू द्यायचे नाही. बोअरच्या जड पाण्याचे तर मुळीच नाही, कारण त्याचे डाग ओरखड्यांहून चिवट असतात.

याला तीस लिटर पाणी लागते. आठवड्यातून दोनदा धरले तर साठ. आमच्या चोवीस गाड्यांचे आठवड्याचे चौदाशे चाळीस लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर हे पाणीपुरवठ्याचे प्रमाण मानले जाते. त्या हिशेबाने पाच माणसांच्या एका कुटुंबाचे जेमतेम दोन दिवसांचे पाणी. टंचाई असेल तेव्हा दोनदाचे एकदा करावे आणि मधल्या दिवसांत फक्त काचा, आरसे व दिवे पुसावेत. सुरक्षित चालवण्यासाठी तेवढेच लागते. बॉनेटवरची धूळ कोणाला चावत नाही.

आमच्यापैकी चार गाडीवाल्यांनी गेले आठ महिने हीच पद्धत ठेवली आहे. पैसे पूर्वीइतकेच नाहीत, दीडपट केले. कापडे ज्याची त्याने दिली आणि ती घरच्या इतर कपड्यांत न मिसळता वेगळी धुतो. जमिनीवर पडलेले कापड पुन्हा गाडीला लावायचे नाही, एवढा एकच नियम. जुने ओरखडे अर्थातच जागच्या जागी आहेत. पण त्यांत नवी भर पडलेली मला तरी दिसत नाही. मुख्य म्हणजे त्या मुलाच्या कामाला आता काम म्हणता येते.

कोणी म्हणेल, गाडीच्या ओरखड्यांवर एवढे चर्वितचर्वण कशाला? देशापुढे प्रश्न काय थोडे आहेत? मान्य. पण ओरखड्याची ही चैन फक्त आपल्या खिशातून जात नाही. पॉलिशने न निघणाऱ्या रेघेसाठी आपण विम्याचा दावा लावून अख्खे दार रंगवून घेतो. गल्लीतल्या गॅरेजात तो दोन भागांचा क्लिअर कोट फवारणारा पेंटर तोंडाला नुसता रुमाल बांधून उभा असतो. त्या फवाऱ्यात आयसोसायनेट असतात आणि त्यांनी दमा जडतो, हे वैद्यकशास्त्राने फार पूर्वी नोंदवून ठेवले आहे. चकाकीचा खरा खर्च कोणाच्या छातीत साठतो, हे बिलावर लिहिलेले नसते.

गाडीवर जीव असू नये, असे मी म्हणणार नाही. कर्ज काढून, पाच-सात वर्षे हप्ते भरून घेतलेली वस्तू आहे. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालताना कोणाचाही हात हळुवार होतो. पण जपणे आणि मिरवणे यांत फरक आहे. जपणारा माणूस आपल्या अर्ध्या कागदाएवढ्या थराचा विचार करतो आणि तो उगाच झिजवत नाही. मिरवणारा दर दिवाळीला तो थोडा थोडा विकून चकाकी आणतो.

म्हणून माझे सांगणे मोजके आहे. ज्या रेघा फक्त भर उन्हात, अमुक एका कोनातून दिसतात त्यांना राहू द्यावे. रस्त्यावरच्या गाडीच्या अंगावर त्या असायच्याच. पॉलिश करायचेच तर क्वचित, आणि जाणत्याकडून. सोसायट्यांनी गाडी पुसण्याचा रोजचा खाडा रद्द करावा, आठवड्याच्या धुण्याचा दर ठरवावा आणि बादल्या व कापडे स्वतः पुरवावीत. आणि ज्या सोसायट्यांनी ओरखड्यांपायी कोणाची मजुरी कापली असेल, त्यांनी ती परत करावी. आमच्या समितीकडे तशी लेखी मागणी मी केलेली आहे. सहा मिनिटांचे काम विकत घेणाऱ्याने साठ मिनिटांच्या कामाची तक्रार करू नये.